अंगालगत सुतीच? एका ‘पंचसूत्री’चा प्रतिवाद

दिवाळी सरून ग्वाल्हेरात गारठा उतरू लागला, की शहराच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांतून एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. ‘जुन्या शिकाऱ्यांची थंडीची पंचसूत्री’ असे त्याचे नाव असून पहाटे पक्षी पाहायला किंवा जंगलात छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांसाठी त्यात पाच नियम दिलेले आहेत. अंगालगत सुतीच कपडा घालावा, कारण सूत घाम पिऊन घेते आणि अंग कोरडे राहते. नायलॉन-पॉलिएस्टर ‘श्वास घेत नाही’, म्हणून ते अंगाला लावू नये. लोकर टोचते आणि भिजली की निकामी होते, म्हणून ती फक्त वरून घालावी. थर्मल एकावर एक दोन घालावेत आणि तेही घट्ट. आणि घरातून निघतानाच सगळे चढवून निघावे, म्हणजे थंडी अंगात शिरतच नाही. ‘राजेरजवाड्यांच्या काळातले शिकारी असेच करीत’, अशी ग्वाही शेवटी जोडलेली असते.

आधी या ग्वाहीकडे पाहू, कारण संदेशाचे सारे वजन तिच्यावर आहे. शिकार आता इतिहासजमा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरली, आणि ज्या शिवपुरीच्या जंगलात शिंदे घराण्याचे पाहुणे बंदुका घेऊन जात, तिथे आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे. पण त्या काळातही मचाणावर बसणारा शिकारी तिथवर चालत जात नसे. हत्ती, घोडा किंवा मोटार त्याला मचाणापर्यंत पोचवी, गुडघ्यांवर घोंगडी पडे आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावरून येई. घाम गाळीत रान उठवीत ते हाकारे, आणि त्यांच्या अंगावर काय होते याची नोंद ठेवावीशी कोणाला वाटली नाही. ज्याला घामच आला नाही, त्याच्या बनियनने घाम कसा हाताळला याचा दाखला आपल्या काय कामाचा? आपण पाठीवर चार-पाच किलोंचे ओझे घेऊन चंबळचे बीहड, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळी, चढतो-उतरतो आणि मग दोन तास दगडासारखे बसून राहतो. आधी घाम आणि मग बैठक, हा क्रमच या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे.

सूत घाम पिते, हे खरे आहे. मात्र प्यायलेले पाणी ते सोडत नाही, आणि ‘अंग कोरडे राहते’ हा निष्कर्ष तिथेच कोसळतो. कापसाचा तंतू पाणी आत घेऊन फुगतो, लवचिकपणा गमावतो आणि कापड कातडीला चिकटते. कापड आणि अंग यांच्यामध्ये जी हवेची पातळ फट असते ती नाहीशी होऊन तिच्या जागी पाणी येते. पाणी स्थिर हवेच्या सुमारे वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेते. शिवाय ते पाणी वाळायचे तर त्यासाठी लागणारी उष्णता बरीचशी आपल्याच अंगातून जाते. १०० मिलिलिटर घाम, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, वाळायला सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करते. म्हणजे ही त्याची चाळीस मिनिटांची सगळी कमाई झाली.

याचा धडा मला एका जानेवारीत मुरैन्याच्या बाजूला चंबळच्या काठावर मिळाला. पहाटे साडेचारला घर सोडले होते आणि अंगात सुती बनियन, सुती शर्ट, दोन स्वेटर आणि वर जाकीट असा पंचसूत्रीला शोभेल असा थाट होता. बीहडातली पायवाट संपेपर्यंत मला उकडत होते, आणि ते मी मोठ्या समाधानाने सोबत्यांना सांगितलेही होते. काठावर बसल्यावर पहिली दहा मिनिटे बरी गेली. नंतर पाठीच्या कण्यावर कोणी ओले फडके ठेवल्यासारखे वाटू लागले आणि अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली, की समोरच्या वाळूवर स्तब्ध उभे असलेले चक्रवाक दुर्बिणीत माझ्याबरोबर थरथरत होते. पाणचिरे पक्षी पाण्यावर चोच टेकवत आले तेव्हा ते किती आहेत हेसुद्धा मला नीट मोजता आले नाही. धुके साडेदहापर्यंत हटले नाही आणि बनियन तोवर ओलीच राहिली. दाट धुक्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे कापडातून निघालेली वाफही वरच्या थंड थरांत अडकून पुन्हा पाणी होते, हे मला नंतर उमगले.

म्हणून पाचवा नियम, सगळे चढवून निघण्याचा, मी या पाचांत सर्वांत घातक मानतो. सुती बनियनची चूक एक वेळ निभावून नेता येते, पण अंग घामाने भिजवून मुक्कामी पोचलेल्या माणसाला महागातले महाग कापडही फारसे वाचवीत नाही. चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. स्वेटर आणि जाकीट पाठपिशवीत, डोके उघडे, गळ्याशी मोकळीक, आणि पाऊल इतके सावकाश की कपाळ ओले होऊ नये; मुक्कामी पोचल्यावर मात्र अंगाची धग उतरण्याआधी, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच, वरचे सगळे चढवून घ्यावे. आमच्याकडे पोरांना ‘आधी स्वेटर घाल, मग दाराबाहेर पाय ठेव’ असे आज्या सांगत आल्या आहेत, त्यामुळे हे गळी उतरवणे अवघड जाते. पण आजीचा नातू शाळेच्या रिक्षात बसून जात होता, बीहड चढत नव्हता.

पॉलिएस्टर ‘श्वास घेत नाही’, हा दावा पावसाळी रेनकोट आणि विणलेली जर्सी यांची गल्लत करतो. एकसंध पापुद्र्यासारख्या कापडातून वाफ जात नाही, हे बरोबर. विणलेल्या कापडात मात्र वाफ धाग्यांमधल्या फटींतून जाते. पॉलिएस्टरचा तंतू सर्वसाधारण दमटपणात स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी आत घेत नाही, कापूस आठ टक्क्यांच्या आसपास घेतो. तंतू पीत नाही म्हणूनच घाम त्याच्या पृष्ठभागावरून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा, बाहेरच्या बाजूस सरकतो, पसरतो आणि लवकर वाळतो. आपले क्रिकेटपटू उन्हात दिवसभर ज्या जर्सीत खेळतात ती पॉलिएस्टरचीच असते. या धाग्याचे दोन दोष मात्र मान्य केले पाहिजेत. अंगातला तेलकटपणा तो धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्याला वास मारू लागतो. आणि शेकोटीची ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. शेकोटीशी बसणाऱ्याने वरून लोकर किंवा सूत घ्यावे, एवढ्यापुरता संदेश बरोबर ठरतो, जरी त्याने दिलेले कारण ते नाही.

लोकर भिजली की निकामी होते, असे मराठी माणसाने लिहावे याचे मला विशेष नवल वाटते. धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे उभा असतो, तो काही हौसेने नव्हे. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही; ते घेताना थोडी उष्णता बाहेर टाकतो; आणि त्याच्या नैसर्गिक कुरळेपणामुळे भिजल्यावरही तो कापसासारखा लोळागोळा होत नाही, आतली हवा बऱ्याच अंशी टिकून राहते. टोचण्याचे म्हणाल तर तो जाडीचा प्रश्न आहे. साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके कातडीला बोचतात, आणि आपल्या घोंगडीची लोकर तशी भरड असते. मेरिनो मेंढीच्या ज्या लोकरीचे अंगालगतचे कपडे विणतात, तिचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा असतो. तो बहुतेकांना टोचत नाही.

इथे मेरिनोच्या भक्तांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘मेरिनो झटपट वाळते’ असा उलटा प्रचारही ऐकू येतो. मी सुती बनियन, पातळ पॉलिएस्टरची बंडी आणि मेरिनोची बंडी अशा तिन्ही भिजवून, हाताने पिळून जानेवारीतल्या एका रात्री गच्चीवरच्या दोरीवर टाकल्या. सकाळी पॉलिएस्टर घडी घालण्याजोगी झाली होती. बनियन गार आणि जड लागत होती. मेरिनोही ओलीच होती, फक्त हाताला तितकी गार लागत नव्हती. पूर्ण भिजलेली लोकर वाळायला वेळ घेतेच. तिचा गुण ओलेपणी न गारठवण्यात आहे. म्हणून दिवसभर चालणे असेल तर मी पातळ पॉलिएस्टर घालतो, चालणे थोडे आणि बैठक लांब असेल तर मेरिनो. किमतीतला फरक पाहता पहिली खरेदी पॉलिएस्टरचीच करावी, असे माझे मत आहे.

घट्ट थर्मलांबद्दल फार लिहायला नको. ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली हवा देते. जुनी दुलई पिंजून आणली की पुन्हा उबदार होते. कापूस तोच, वजन तेच, वाढलेली असते ती आतली हवा. एकावर एक दोन घट्ट थर्मल म्हणजे गादी दाबून बसण्यासारखे आहे. आतला थर अंगासरशी असावा म्हणजे घाम उचलेल, पण त्याचे वळ उठू नयेत. त्यावरचा सैल असावा. पायमोज्यांचेही तेच. बुटात दोन जोड कोंबले की बोटांचे रक्त अडते आणि पाय अधिकच गार पडतात.

मात्र ‘थर्मल’ हे नाव धाग्याचे नाही, याकडे कोणी लक्ष देत नाही. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात किंवा बाडा या बाजारचौकातल्या दुकानांत थर्मल म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे सुती किंवा सूतमिश्रित असते, काहींत व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, असते, आणि व्हिस्कोस तर कापसाहूनही जास्त पाणी पिते. गळ्यामागची किंवा कुशीतली चिठ्ठी उलटून वाचावी. दुकानदाराचे ‘एकदम गरम माल है’ हे वाक्य सर्व धाग्यांना सारखेच लागू असते.

सुताला सरसकट बाद करावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हाच ओलावा धरून ठेवणे सुताचा गुण ठरतो, आणि स्कूटरवरून कचेरीत जाणाऱ्याला, ज्याला घाम येणारच नाही, स्वेटरखाली सुती बनियन पुरेशी आहे. आजोबांच्या पिढीची जाळीची बनियनही विचारात घेण्याजोगी आहे, कारण तिची भोके अंगाशी हवा धरून ठेवतात. नॉर्वेच्या सैन्यात १९३०च्या दशकात तशाच जाळीचे अंतर्वस्त्र आले होते, तेही थंडीसाठी. आणि ज्याच्याजवळ सुतीखेरीज काहीच नाही, त्याने एक कोरडी बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर न्यावी आणि मुक्कामी पोचताच बदलावी. उघड्या अंगाने गारठ्यात काढलेला तो अर्धा मिनिट पुढचे दोन तास वाचवतो.

मला हा संदेश गेली तीन वर्षे नेमाने पाठवणारे एक काका गेल्या डिसेंबरात आमच्याबरोबर चंबळला आले होते. काठावर पोचल्यावर ते काही न बोलता जीपच्या आडोशाला गेले आणि बनियन बदलून आले. दुसरीही सुतीच होती. त्या दिवशी पाणचिरे त्यांनीच मोजले.