सावली ही चैन नव्हे: फिनिक्सविषयीच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील वाळवंटात वसलेल्या फिनिक्स शहराच्या मध्यभागातील पायी फिरण्याजोग्या वस्त्यांवर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे, की अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला वाळवंटातल्या पदपथांचे कौतुक सांगू नये. तिथे मोटार ही गरज आहे आणि पायी चालणे हा सुखवस्तू लोकांचा हिवाळ्यापुरता शौक आहे.

उन्हाबद्दल आपण लिहिले ते खरेच आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचे कमाल तापमान सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते, आणि त्या वर्षी फिनिक्स ज्या जिल्ह्यात येते त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. जुलैच्या दुपारी कोणी हौसेने चालावे, असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र ज्यांच्याकडे गाडी नाही ती माणसे त्याही दुपारी बसथांब्यापर्यंत चालत जातात आणि बस येईपर्यंत उन्हात उभी राहतात. त्यांच्या चालण्याला शौक म्हणणे मला पटत नाही.

विलो या जुन्या वस्तीच्या आतल्या गल्ल्यांत पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये हिरवळीचा पट्टा आहे, त्यात झाडे आहेत, आणि माणूस गाड्यांपासून चार पावले दूर, सावलीतून चालतो. तिथून पश्चिमेला सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर आलात, की अरुंद पदपथ थेट रस्त्याच्या कडेला चिकटलेला असतो, भरधाव गाड्या खांद्याजवळून जातात आणि डोक्यावर काहीच नसते. ऊन दोन्हीकडे तेच. हा फरक हवामानाने नव्हे, आखणीने केला आहे.

फिनिक्समध्ये १९४८ पर्यंत ट्राम होती, आणि मधल्या वस्त्या त्या काळातल्या आहेत. १९५० मध्ये सुमारे १७ चौरस मैलांचे असलेले हे शहर आज ५०० चौरस मैलांच्या पुढे पसरले आहे, आणि तो पसारा मैला-मैलावर आखलेल्या रुंद रस्त्यांच्या चौकटीत, मोटार गृहीत धरूनच वाढला. दाट वस्तीने उष्णता वाढते, हा आपला मुद्दा अर्धा बरोबर आहे. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. परंतु डांबराची सर्वांत मोठी मोकळी मैदाने म्हणजे वाहनतळ, आणि प्रत्येकाला गाडीनेच यावे लागते म्हणून ती लागतात. उंच इमारत निदान पदपथावर सावली तरी पाडते.

आपल्या प्रतिक्रियेतला खरा वजनदार मुद्दा भाड्यांचा आहे: अशा वस्त्या सामान्यांना परवडत नाहीत, म्हणून त्यांचा आग्रह धरू नये, असे आपण म्हणता. २००८ मध्ये लाइट रेल्वे, म्हणजे रस्त्यावरून धावणारी ट्रामसारखी शहरी रेल्वे, सुरू झाली, २०१९ मध्ये डाउनटाउनमध्ये मोठे किराणा दुकान आले, आणि पायी जगता येईल अशी ही जागा सामान्य पगारदाराला महाग होत गेली. याचे मलाही वाईट वाटते. पण यातून निष्कर्ष निघतो तो आपल्या उलट: अशा जागा फार थोड्या आहेत म्हणून त्या महाग आहेत. शहराने २०१० च्या आराखड्यात २०३० पर्यंत शहराच्या २५ टक्के भागावर वृक्षछायेचे उद्दिष्ट ठेवले होते. ती झाडे आधी लागायला हवीत ती दक्षिण फिनिक्समध्ये, जिथे सावली कमी आणि बसची वाट पाहणारे अधिक. लाइट रेल्वे २०२५ मध्ये सेंट्रल ॲव्हेन्यूने दक्षिणेला बेसलाइन रोडपर्यंत पोहोचली आहे. आता तिच्या स्थानकांकडे येणाऱ्या आडरस्त्यांवर झाडे लावणे आणि ती जगवण्यासाठी पाण्याची तरतूद करणे, हे काम महापालिकेने सर्वांत आधी हाती घ्यावे, असे माझे मत आहे.