खड्ड्याचा वास नेमका कशाचा?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो एका मित्राच्या सोसायटीतील खताच्या खड्ड्यावरून. तो तळमजल्यावर राहतो, आणि साऱ्या इमारतीच्या ओल्या कचऱ्याचा वास त्याच्याच खिडकीत येत असल्यामुळे हा उद्योग बंद करून कचरा सरळ गाडीत द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याची तक्रार कोणीही खोटी ठरवली नाही.

आपल्या इमारतीत हे काम स्वतः पाहणाऱ्या मैत्रिणीने त्याला एवढेच विचारले, की त्या कचऱ्यावर सुका पाला किती पडतो. पाला झाडून वेगळा बाहेर पाठवतात, असे उत्तर मिळाले. स्वयंपाकघरातील कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, तर कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या सुमारे २५ ते ३० पट कर्ब (कार्बन) लागतो, आणि तो मिळतो सुक्या पाल्यातून किंवा लाकडाच्या भुशातून. ओलावा ६० टक्क्यांच्या फार वर गेला, की ढिगातली हवा संपते, हवेवाचून जगणारे जीवाणू वाढतात आणि मग ती दुर्गंधी सुटते. पाला मिसळून ढीग नियमित खालीवर केला, तर तो आतून ५५ अंश सेल्सियसच्या पुढे तापतो आणि वास मातीसारखा येऊ लागतो.

सोसायटीच्या समितीत असलेल्या दुसऱ्या मित्राला चोवीस तासांत खत देणारे यंत्र हवे होते. मी त्याला ठाम विरोध केला. एका दिवसात उष्णतेने कचरा वाळतो, कुजत नाही. तो भुगा पुन्हा भिजला की पुन्हा वास मारतो, आणि मुरायला त्याला पुढे कित्येक आठवडे द्यावेच लागतात.

गाडीत देण्याला माझा विरोध नाही, मात्र ती गाडी खतप्रकल्पाकडे किंवा बायोगॅसकडे जायला हवी, कारण कचराभूमीत गाडलेल्या अन्नातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक तापमानवाढ करतो. दक्षिण कोरियाने असे अन्न गाडण्यावर २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१३ पासून वजनावर शुल्क लावले. अर्थात कुठेही पाठवले, तरी त्यात प्लॅस्टिक असेल तर ते कोणीतरी हाताने वेचते, आणि हे हात आपले नसतात, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटी तळमजल्यावरच्या मित्राने पाल्याची पोती खड्ड्याशेजारी ठेवून पाहण्याचे कबूल केले. खड्डा खिडकीपासून दूर हलवावा, ही त्याची मागणी मात्र कायम राहिली, आणि मैत्रिणीनेही ती मान्य केली.