आवाज गाडीत आहे, माझ्या कानात नाही

"जुनी गाडी आहे पात्रांव, आवाज येणारच."

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी तीन गॅरेजांत ऐकलं आणि आता डोकं फिरलंय. जुनी आहे म्हणून आवाज येत नसतो हो! काहीतरी झिजतं, सुटतं, कोरडं पडतं, तेव्हा आवाज येतो. ते नेमकं काय हे शोधायचेच तर पैसे घेता ना?

गाडी म्हणजे बाबांची मारुती जिप्सी, १९९९ सालची. गोव्यात, सत्तरीत केरीच्या पुढे आमची काजूची बाग आहे. पावसात त्या लाल चिखलाच्या चढावर दुसरं काही चढत नाही, ही चढते. त्यामुळे ती विकून नवी घ्या, हा सल्ला मला कोणी देऊ नये.

जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात आवाज सुरू झाला. हळू चालवताना खालून चिंव-चिंव, आणि क्लच सोडला की एक 'टाक्'. वेग वाढला की चिंवचिंव भरभर व्हायची. त्याच वेगाला तिसऱ्यावरून चौथ्यावर घेतली, इंजिनाचे फेरे उतरले, तरी चिंवचिंवीची लय तीच. म्हणजे आवाज इंजिनाचा नाही, क्लचचा नाही. गिअरबॉक्सच्या मागे जे फिरतं त्यातला तो आहे. हे मी पहिल्याच गॅरेजात पहिल्याच दिवशी सांगितलं. कोणी ऐकलं? पहिल्याने मागचे दोन्ही व्हील बेअरिंग बदलले, आवाज तसाच. दुसरा म्हणाला, क्लच सोडताना टाक् होतं ना, मग क्लचच. गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट घातली, ७,८०० रुपये घेतले. संध्याकाळी गाडी बाहेर काढली, फाटकापाशी चिंव-चिंव.

तिसरं गॅरेज म्हापशाकडचं, मोठं, फोर बाय फोरवाले तिथेच जातात म्हणून गेलो. तिथला मुलगा ट्रायल घ्यायला बसला, मी शेजारी. कोरडा डांबरी रस्ता, आणि ह्या बाबाने दांडा फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते त्या जागी, टाकून गाडी वळवली. मी ओरडलो! जिप्सीत पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअर, नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर तो सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांवर येतो. फोर बाय फोरचं काम करणाऱ्याला हे माहीत नसावं?

पुढचं ऐका. मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब फिरता रॉड, काढून बघितला म्हणाले. बघा की, पण काढण्याआधी खूण करायची असते. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे चिमटे, एका रेषेत बसावे लागतात. यांनी सरकत्या जोडातून दोन तुकडे वेगळे केले आणि तिरकेच बसवून दिले. आता पन्नासच्या वर गेलं की सीट थरथरते. एक दुखणं घेऊन गेलो होतो, दोन घेऊन आलो. वर निदान काय, तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, उघडावा लागेल, २२,००० धरून चला. कशावरून? "आवाजावरून वाटतं." वाटतं!

शेवटी रविवारी मी आणि चुलतभाऊ, अंगणात गोणपाट टाकून खाली शिरलो. चारही चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला ठेवला आणि भावाने वर बसून गिअर टाकला. अशा वेळी गाडी जागची हलत नाही, पुढचे-मागचे लांब शाफ्ट फिरत नाहीत. फिरतो फक्त गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधला आखूड शाफ्ट. जिप्सीत हे दोन डबे वेगवेगळे बसवलेले असतात, मध्ये तो हातभर लांबीचा जोड. आणि चिंव-चिंव सुरू! माझ्या डोक्यापासून दीड हातावर. दोन मिनिटं लागली. दोन महिने नव्हे, दोन मिनिटं.

इंजिन बंद करून, गिअर काढून मी हात घातला. त्या आखूड शाफ्टच्या सांध्याचे दोन्ही योक धरून उलटसुलट पिळले तर त्यांना जोडणारा अधिकाच्या आकाराचा क्रॉस कटकट हलत होता. क्रॉसच्या टोकावरच्या एका कपाच्या कडेला बारीक तांबूस पूड जमली होती. आधी वाटलं आपलाच लाल चिखल. बोटावर चोळली तर गंजाची निघाली. ग्रीसचं निप्पल वाळलेल्या मातीखाली गाडलेलं, कोणी कधी पुसलंही नसणार. आणि तिन्ही गॅरेजांनी बिलात "ग्रीसिंग" लिहून पैसे घेतलेत, माझ्याकडे तिन्ही बिलं आहेत. प्रेशरच्या पाण्याने खालून गाडी धुतात, उरलंसुरलं ग्रीस उडवतात आणि नवीन भरत नाहीत. कप काढला तेव्हा आतल्या बेअरिंगच्या सुया निम्म्या मोडलेल्या होत्या. क्रॉस आला साडेसातशेला, तोही चोर्ला घाट चढून बेळगावातून आणावा लागला. बसवला, मागच्या शाफ्टचे योक सरळ केले, आवाज गेला, थरथर गेली.

बाबा सत्तर वर्षांचे. दोन महिने बागेत जाताना ते दुसऱ्याच्या जीपची वाट बघत रस्त्यावर उभे राहिले, भर पावसात. याचा हिशेब कोणत्या बिलात लावू?

काल दुसऱ्या गॅरेजात गेलो, मोडका क्रॉस काउंटरवर ठेवला आणि माझी जुनी क्लच प्लेट मागितली. भंगारात गेली म्हणाले. न विचारता कशी गेली? प्लेट माझी होती, पैसे मी दिले होते. ती झिजली होती की नाही, हे आता मी कसं बघणार? मालक जेवायला गेलेत, चारला या. चारला गेलो, शटर अर्धं खाली. उद्या सकाळी परत जाणार आहे, तिन्ही बिलं घेऊन, आणि बाबांनाही घेऊन.