लेनरॉकच्या पायरीवरून

अमेरिकेतल्या इथाका गावातला बर्फ वितळायला लागला की चढावरच्या लेनरॉकपाशी माझे पाय हटकून थबकतात. कॉर्नेल हे आडनाव इंग्रजीत उलटं लिहिलं की लेनरॉक. इथल्या कॉर्नेल विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांनी तारायंत्राच्या धंद्यातल्या पैशावर स्वतःसाठी बांधायला घेतलेला हा दगडी गॉथिक वाडा. दारावर त्यांचं ब्रीद कोरलंय, 'ट्रू अँड फर्म'. १८७४ मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धवटच होतं. १९११ मध्ये 'डेल्टा फाय' या फ्रॅटर्निटीनं, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळानं, तो विकत घेतला. परवा त्याच पायरीवर ओले बूट उन्हात टाकून एक पोरगा वाडग्यातून काहीतरी खात बसला होता.

पुण्यात भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात पाडला. फुल्यांनी १८४८ मध्ये जिथं मुलींची शाळा काढली, तो. आमच्या शाळेच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. 'पडकाच होता, आता स्मारक होतंय ना?' आणि 'मूळ वाडाच गेला, तर स्मारक कशाचं?' मी मध्ये तोंड घातलं, तर उत्तर आलं, 'तू अमेरिकेतून अक्कल शिकवू नकोस.'

तेही खरंच. इथं जुनं जपतात ते संस्कारामुळे वगैरे नाही. लेनरॉकचं छप्पर गळलं तर मालकांच्याच डोक्यावर पाणी पडतं. आपल्याकडे मालक, भाडेकरू आणि पालिका तिघंही वर्षानुवर्षं कोर्टात, भाडं १९४० च्या हिशेबानं गोठलेलं. त्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. वाडा त्या एका रात्रीत नाही पडला.

पण लेनरॉकचं फार कौतुकही नको. १९०६ मध्ये याच विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली, कारण गोऱ्यांच्या मंडळांत त्यांना जागा नव्हती. त्यांच्या सुरुवातीच्या बैठका लोकांच्या राहत्या घरांत व्हायच्या. म्हणजे ज्यांना दारं आधीच उघडी होती त्यांचा वाडा उभा आहे, आणि जिथं बंद दार पहिल्यांदा उघडलं तो आपण पडू दिला. मला हे बोचतं.

ग्रुपवर यातलं काही लिहिलं नाही. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचे कागद बिल्डरनं आणले, तेव्हा बाबा दोन दिवस सही करेनात. मीच इथून फोनवर म्हटलं होतं, 'करून टाका हो बाबा, लिफ्ट तरी मिळेल.'