अणूचे कचरेवाले काका

संध्याकाळपासून डोकं तापलंय. उद्या कदाचित वाटेल की नसतं लिहिलं तर बरं झालं असतं, पण आज लिहितेच.

आमच्या भागातल्या एका मंडळात आज ज्येष्ठांचा सत्कार होता. इंडस-२ या इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर आयुष्य काढलेल्या एका काकांची ओळख पाच मिनिटं चालली, आणि चालायलाच हवी होती. आपल्या इंदूरात एवढं यंत्र आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. मग बाबांचं नाव पुकारलं. निवेदक म्हणाला, "आणि हे आपले अणूचे कचरेवाले काका!" सगळे हसले. बाबाही हसले, शाल घेतली आणि खाली येऊन बसले.

नंतर मी त्याला गाठलं तर म्हणतो, "अहो ताई, गंमत केली."

गंमत? मी आठ वर्षांची असताना बाबा रात्री जेवणं उरकली की गच्चीच्या दारात पाट घेऊन बसायचे. भंगारवाल्याकडून आणलेला चार बोल्टांचा जुना फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची चकती, त्या पाटावर ठोकलेला. हातात आधी सुती मोजे, वर रबरी, त्यावर आणखी जाड रबरी. तोंडाला आईचा जुना पंचा बांधलेला. चारही बोल्ट पान्ह्याने काढायचे, परत बसवायचे. घड्याळ माझ्या हातात. पहिल्या रात्री चार मिनिटांच्या वर गेलं. त्यांना नव्वद सेकंदांत हवं होतं.

बाबा इंदूरातच इंजिनियर झाले आणि सरकारी अणुप्रकल्पात लागले. कुठल्या ते लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तीस वर्षांहून जास्त काळ एकच काम: जुन्या टाक्या, पाइप, खोल्या साफ करायच्या, मोडायच्या आणि निघालेला कचरा बांधून ठेवायचा. अणुभट्टीचं उद्घाटन सगळ्यांना आठवतं. तुर्भ्याची सायरस ही अणुभट्टी ३१ डिसेंबर २०१० ला बंद झाली, तेव्हा तिथे कोण होतं हे कुणी विचारलंय? भट्टी बंद केली म्हणजे दिवा मालवला असं नसतं. इंधन बाहेर काढायचं असतं, आतलं पोलाद वर्षानुवर्षं किरणं सोडत राहतं.

इंदूरकरांना हे समजावून सांगावं लागतं याचंच जास्त वाईट वाटतं. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की आपण सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा घेऊन धावतो. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, पाहुणा आला की आधी तेच सांगतो. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यातून गॅस होतो आणि त्यावर बस चालते म्हणून छाती फुगते. मग ऐका. बाबांच्या क्षेत्रातही कचरा वेगळा करतात: कमी, मध्यम आणि तीव्र किरणोत्साराचा. सगळ्यात तीव्र असतो तो द्रव काचेच्या मालमसाल्याबरोबर सुमारे हजार अंशांना वितळवून पोलादी डब्यांत ओततात. तो थिजला की काच. आपल्या तारापूरला हे होतं. आणि तसल्याच कचऱ्यातलं किरणोत्सारी सीझियम वेगळं काढून काचेच्या कांड्या करतात. त्यांच्या किरणांतून काढलेलं रक्त नाजूक प्रकृतीच्या रुग्णांना देतात, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटत नाहीत. हसा आता.

हो, त्या खात्यात सगळं गुपचूप असतं, लोकांना विश्वासात घेत नाहीत, हे मान्य. आणि कंत्राटी कामगारांच्या वाट्याला जास्त किरणं येतात हेही बाबा स्वतःच म्हणतात. पुढे.

२०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा जाळायला इंदूरजवळ पीथमपूरला आला, तेव्हा आमचा फोन वाजायचा थांबत नव्हता. मावशी, आत्या, गल्लीतले, सगळे बाबांना विचारत होते. ते म्हणायचे, "ती रसायनं, माझा विषय वेगळा. माझा कचरा जाळला तर राख थोडी होते, पण किरणोत्सार राखेत तसाच राहतो. त्याला काळच लागतो." सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं. जवळजवळ नाहीसं व्हायला तीनशे. तीनशे वर्षं टिकेल असं बांधायचं, आणि बांधणाऱ्याला नोकरी तीस वर्षांची. पीथमपूरच्या लोकांची भीती खोटी नव्हती, असंही बाबा म्हणाले होते. तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

परत त्या पाटाशी येते. एका रात्री मी विचारलं, तुम्ही तर साहेब, तुम्ही कशाला बोल्ट काढता? म्हणाले, "आत माझी माणसं जाणार. नव्वद सेकंद झाले की एक बाहेर, दुसरा आत. नव्वद सेकंद म्हणजे किती, ते आधी माझ्या बोटांना कळायला हवं." कुणाच्या अंगावर किती किरणं पडली, याचा हिशेब छातीवरचा बिल्ला ठेवतो. आजच्या नियमाने एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट (किरणं मोजायचं माप), पाच वर्षांत मिळून १००, त्यापुढे नाही. बाबांना आपल्या माणसांचे आकडे नावानिशी पाठ असायचे. माझ्या शाळेतले मार्क आईला विचारावे लागायचे.

आता लिहिता लिहिता राग उतरलाय. त्या पोरालाही कुणी सांगितलं नसणार. मी तरी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं?

मघाशी बाबांना विचारलं, शेवटच्या रात्री किती आलं होतं?

पेपर खाली न ठेवता म्हणाले, "सत्त्याऐंशी. पण तू काटा उशिरा बघितलास. पंच्याऐंशी असणार."