टेलिफोनच्या क्रोन पट्टीत स्क्रूड्रायव्हर खुपसू नका!
बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीतल्या जुन्या कॉम्प्लेक्सांत जिन्याखालचा टेलिफोनचा डबा उघडा. नुसतं जंपर वायरींचं (डब्यातल्या जोडण्या एकमेकींना जोडणाऱ्या तारांचं) जंजाळ, एकीवरही नंबर नाही! लाइन बंद पडली की तिच्या दोन तारांची जोडी शोधायची नाही, नवी वायर वरून ओढायची, मेलेली तशीच लोंबत.

आणि क्रोन मॉड्यूलमध्ये, म्हणजे वायरी दाबून बसवायच्या पट्टीत, स्क्रूड्रायव्हर का खुपसता? आतली पाती वायरचं आवरण कापून तांबं घट्ट धरतात. ती एकदा फाकली की पकड गेली, मग लाइनवर खरखर. वायर खाचेत दाबून बसवणारं पंचिंग टूल वापरा ना! पीळ मारून टेप गुंडाळलेला सांधा बेळगावच्या पावसात हिरवा पडणारच.

कापण्याआधी मीटर लावा: साधारण 48 व्होल्ट डीसी दिसला तर लाइन जिवंत आहे. टोनरनं (वायरीत आवाजाचा सिग्नल सोडून ती ओळखायच्या यंत्रानं) दुसरं टोक शोधा, दोन्हीकडे नंबर चिकटवा. मेलेली वायर मात्र पूर्ण ओढून काढा, अर्धी भिंतीत ठेवू नका!