इंग्रजांनी आखलेली मुंबई? कुठली?

दर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांच्या जोडीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो: 'इंग्रजांनी मुंबई नीट आखून दिली, स्वातंत्र्यानंतर आपण वाट लावली.'

पहिला मुद्दा, 'नीट आखून दिली'. कोटाच्या भिंती १८६०च्या दशकात पाडल्या, तिथे रुंद रस्ते आणि गॉथिक इमारती आल्या. तेवढा भाग आखलेला, मान्य. पण गिरणगाव? तिथे गिरण्या आल्या आणि त्यांच्या आसऱ्याने चाळी दाटत गेल्या. १८९६मध्ये प्लेग आला, माणसं गावाकडे पळाली, तेव्हा कुठे १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याची आखणी ही त्याचीच कमाई, आणि ती खरंच चांगली आहे. पुढे १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या: १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. हीसुद्धा इंग्रजांचीच आखणी. तिचा फोटो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

पुरावा म्हणून मरीन ड्राइव्ह दाखवायचा, तर तो अंगाशी येतो. तो ज्या भरावावर उभा आहे, ती समुद्र हटवून जमीन करायची बॅकबे योजना इतकी फसली की आठपैकी चारच भाग पुरे झाले. त्यातला घोटाळा काँग्रेसचे नेते, वकील वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. (पुढे समुद्रात भर घालूनच केलेल्या जमिनीला त्यांचं नाव मिळालं, नरिमन पॉइंट; हे आपलं खास मुंबईचं.) आणि २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आर्ट डेको इमारती? त्यातल्या कितीतरी इथल्याच वास्तुविशारदांच्या. इरॉस थिएटर सोराबजी भेदवारांचं.

आता दुसरा मुद्दा, 'आपण वाट लावली'. म्हणजे स्वातंत्र्यानंतर कुणी आखलंच नाही? हे तर साफ खोटं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या वास्तुविशारद-अभियंत्यांनी खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना १९६५ सालीच मांडली. १९७०मध्ये ते उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. पण योजनेत होतं तसं मंत्रालय काही तिकडे हललं नाही, आणि इकडे नरिमन पॉइंटला कचेऱ्यांचे मजले चढतच राहिले. आराखडा होता, त्याला बगल सरकारनेच दिली.

वाट लावली म्हणायचंच, तर गिरण्यांच्या जमिनींबद्दल म्हणा. गिरणीची जमीन विकसित करायची तर १९९१चा नियम ढोबळमानाने तिचे तीन वाटे सांगत होता: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची; इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती उचलून धरली. लोअर परळचे कितीतरी टॉवर त्या एका 'फक्त'वर उभे आहेत.